गाडी थंड होईपर्यंत

त्या रात्री वीज गेलेली नव्हती. दिवा मामांनीच घालवला. म्हणाले, डोळ्यांवर येतो.

आम्ही तिघं मामांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. मामा आमचे कोणी लागत नाहीत, पण सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते. तीस वर्षं त्यांनी गाड्यांचं गॅरेज चालवलं. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा बंद केलं. आमच्यातला एक, ज्याला आम्ही चष्मा म्हणतो, तो कॉलेजात शिकतो आणि दोन महिन्यांपासून जुनी गाडी शोधतोय. त्या दिवशी तो आठवी गाडी बघून आला होता आणि खालपासून वरपर्यंत जिन्यात बूट आपटत आला होता.

"उद्या घेऊनच टाकतो," चष्मा म्हणाला. "बघून बघून डोळे गेले माझे. चार चाकं आहेत, चालू होते. अजून काय पाहिजे?"

"तू गेलास तेव्हा इंजिन गरम होतं का थंड?" मामांनी विचारलं.

"गरम. मालकानं माझ्यासाठी आधीच चालू करून ठेवली होती. बिचारा चांगला माणूस वाटला."

मामा उठले, दिवा घालवला आणि परत खुर्चीत बसले. अंधारात त्यांची खुर्ची दोनदा कुरकुरली.

"माझ्या भाचीच्या बाबतीत झालेलं सांगतो," ते म्हणाले. "सख्ख्या बहिणीची मुलगी. खोटं वाटलं तर तिला विचारा. फक्त दिवसा विचारा."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

•

तीन वर्षं झाली. नोव्हेंबरातला तिसरा रविवार होता. वार पक्का लक्षात आहे, कारण दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी आठला, तिला हजर व्हायचं होतं.

भाची जनावरांच्या डॉक्टरकीला होती. शेवटचं वर्ष. उंचीनं एवढीशी, पण हट्टाला पुरी. घरात आम्ही तिला डॉक्टरीणबाई म्हणून चिडवायचो. तर शेवटच्या वर्षी त्यांना सहा महिने एखाद्या दवाखान्यात काम करावं लागतं. तिला मिळाला तो पन्नास किलोमीटर लांब. आणि नेमणुकीच्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती, की उमेदवाराकडे स्वतःचं चारचाकी वाहन असावं. आजूबाजूच्या गावांत लस घेऊन जायचं असतं. लसीची पेटी ही एवढी मोठी, आत बर्फ. दुचाकीवर बांधायची सोय नाही. सोमवारी गाडीसकट उभी राहिली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार आणि हिचं वर्ष बुडणार.

पैसे तिनं शिकवण्या घेऊन साठवले होते. चांगल्या गाडीचे चार टायर आले असते त्यात. ताणलं तर एक वायपर.

मला म्हणाली, "मामा, तू नुसता बरोबर चल. बाकी मी बघते."

मी बरोबर गेलो. काय सांगू तुम्हाला! एक गाडी अशी, की दार आतून उघडायचंच नाही. काच खाली करायची, हात बाहेर घालायचा आणि बाहेरून उघडायचं. मालक म्हणे, सुरक्षित आहे, मुलं पडत नाहीत. दुसरीचा आकडा सांगत होता वीस हजार किलोमीटर, आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून लोखंड वर आलेलं. पायानं वीस हजारात लोखंड दिसत नाही बाबा, हत्ती चालवत असला तरी. तिसरीची सतरंजी उचलली तर खाली वाळलेला चिखल. पुरात बसलेली गाडी, वरून अत्तर मारलेलं. चौथी बरी होती. आम्ही जिना चढत होतो आणि ती विकत घेऊन लोक जिना उतरत होते.

आणि प्रत्येक गाडी म्हणे एकाच हातानं चालवलेली. प्रत्येक गाडी म्हणे फक्त रविवारी बाहेर काढलेली. मी एका दलालाला म्हटलं, "अरे, मग सोमवार ते शनिवार रस्त्यावर जी गर्दी असते ती कोणाची?" तो हसला. दलाल लोक हसतात, चिडत नाहीत. चिडायचं काम आपलं.

दहा दिवसांत अकरा गाड्या झाल्या. भाची रात्री जेवताना बोलेनाशी झाली. मग शनिवारी दुपारी तिला फोनवर एक जाहिरात दिसली. पांढरी डिझेल गाडी, जुनी, एकच मालक. किंमत आमच्या आवाक्यातली. फोटो एकच, तोही वाकडा. मला बरं वाटलं. लबाड माणूस फोटो चांगले काढतो.

गाडी बघायला जाताना माझे दोन नियम. एक, येतो म्हणून सांगायचं, कधी येतो ते सांगायचं नाही. दोन, नमस्कार करायच्या आधी बॉनेटवर हात ठेवायचा. कारण गरम इंजिन खोटं बोलतं. कितीही मेलेली डिझेल गाडी असू दे, गरम असली की चावी लावताच चालू होते. तिचं खरं काय ते थंड असताना कळतं. धूर किती टाकते, खोकते किती, उठते का नाही. म्हणून विकणारा आधी चालू करून ठेवतो. चष्म्या, ऐकतोयस ना?

शनिवारी संध्याकाळी साडेसहाला गेलो. गल्लीच्या टोकाचं घर. खाली एक खोली, त्यात शिलाई मशीन आणि शाळेच्या गणवेशांचा ढीग. घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये गाडी. एक बाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या असतील. गळ्यात मोजायची फीत.

मी आधी बॉनेटवर हात ठेवला.

गरम.

"कोणी चालवली आज?" मी विचारलं.

"कोणी नाही. मला येत नाही. मिस्टर होते ते गेल्या वर्षी गेले. तेव्हापासून उभीच आहे."

"उभी गाडी गरम कशी, ताई?"

बाईंनी फीत गळ्यातून काढली, बोटाला गुंडाळली, परत सोडली. म्हणाल्या, "असते."

असते! मी चावी मागितली. वर्षभर उभ्या गाडीची बॅटरी मरून पडायला पाहिजे. पहिल्या झटक्यात चालू झाली. हो, चष्म्या, डिझेलचंही मी विचारलं. टाकी अर्धी होती. बाई म्हणाल्या, मिस्टर गेले तेव्हाही तेवढीच होती. मी काय समजायचं ते समजलो. असेल कोणी दीर, पुतण्या, येऊन गरम करून जाणारा. पण बाकी गाडी बघितली तर पत्रा सरळ, खाली गंज नाही, गिअर लोण्यासारखे. त्यामुळेच जास्त चिडलो. एवढ्या चांगल्या गाडीत हे लोक लपवतात काय?

रविवारी पहाटे साडेपाचला न सांगता परत गेलो. फाटकावरून हात घालून कडी काढली. माझ्या वयाच्या माणसानं करायचं काम नाही ते. बॉनेटवर हात ठेवला.

गरम. शनिवारपेक्षा जास्त.

भाची फाटकाशीच खाली बसली. म्हणाली, "मामा, उद्या आठला मी काय बैलगाडी घेऊन जाऊ?"

बाई दार उघडून आल्या. मी बोललो त्यांना. नको ते बोललो. म्हटलं, गरिबाच्या पोरीला फसवून काय मिळणार तुम्हाला? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही रात्री या. चावी तुमच्याकडेच ठेवा. बॅटरीची वायर काढा, काय काढायचं ते काढा आणि गाडीपाशी बसा. म्हणजे मी खोटी नाही एवढं तरी सिद्ध होईल."

मी परत येताना विचार केला. दोनच शक्यता. थंडीत गाडी उठत नसेल, तर एक म्हणजे ग्लो प्लग गेलेले. डिझेल पेटायला ऊब लागते ना, ती देणाऱ्या चार छोट्या कांड्या. पाव दिवसाचं काम, पोरीला परवडणारं. दुसरी म्हणजे इंजिनच दम सोडलेलं. मग तिच्या सगळ्या पैशांइतकाच खर्च वर. यातलं कोणतं, हे थंड गाडीच सांगणार. गॅरेज बंद केलं तेव्हाचा थोडा माल घरी पडून होता. त्यात ग्लो प्लगचा एक नवा संच निघाला. हत्यारांच्या पिशवीत टाकला.

रविवारी रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी आम्ही शेडमध्ये बसलो. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक घोंगडी. थंडी चांगली पडली होती. बॉनेट गरमच होतं. मी बॅटरीची वायर सोडवली आणि ती अख्खी वायर काढून भाचीच्या मांडीवर दिली. चावी तिच्या स्वेटरच्या खिशात. बॉनेट बंद केलं. बाईंनी आतला दिवा मालवला. मशीन थांबलं.

"आता बघू कोणाचा पुतण्या येतो ते," मी म्हटलं.

"मामा, आला तर मारू नकोस. आधी विचार, दुसरी गाडी आहे का."

अशी होती ती. हसलो आम्ही.

बाराला हात ठेवला. ऊब उतरत होती. साडेबाराला कोमट. पाऊणला... कोमटसुद्धा म्हणवत नव्हतं. भाचीच्या चेहऱ्यावर दहा दिवसांत पहिल्यांदा रंग आला. म्हणाली, "तीनपर्यंत होईल ना रे थंड?" म्हटलं, "होईल. लोखंडच ते. त्याला काय, कोणाचं ऐकायचंय?"

गल्लीत कोणी नाही. लांब एक कुत्रं भुंकलं, थांबलं. फाटकाला मी आतून कडी घातली होती.

एक वाजला.

काही ऐकू आलं नाही. हे नीट ऐका. चालू झाल्याचा आवाज नाही. धडधड नाही. काही नाही. फक्त गाडी... कशी सांगू... खाली बसली. ड्रायव्हरच्या बाजूनं. दोन बोटं. कोणी आत बसलं की बसते तशी.

मी भाचीकडे बघितलं. तिनं ते बघितलं होतं.

वायर तिच्या मांडीवर होती.

आम्ही उठलो नाही. उठता येत नव्हतं. पाच मिनिटं गेली. दहा गेली असतील. डिझेलच्या धुराचा वास आला. थोडासाच. मग आतून...

टिक.

मग परत. टिक... टिक...

तुम्हाला माहीत नसेल. इंजिन चांगलं तापवून बंद केलं, की धातू असा वाजतो. तीस वर्षं रोज ऐकला मी तो आवाज. दुसरा कसला असूच शकत नाही.

मी गेलो. बॉनेटवर हात ठेवला.

चटका बसला.

मी मागं सरलो आणि घोंगडीत पाय अडकून पडलो. मला वाटलं, आता पोरगी किंचाळणार. तिनं काय करावं? उठली, गाडीपाशी गेली आणि पुढच्या टायरला लाथ मारली. खरंच मारली. आणि रडायला लागली. भीतीनं नाही, संतापानं.

"काय आहे हे! सात तास राहिलेत मला! बारावी गाडी आहे ही! एक तरी... एक तरी मला खरं सांगेल का?"

आतला दिवा लागला. बाई शाल घेऊन बाहेर आल्या. टायरकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. म्हणाल्या, "बाळ, तो टायर आहे. त्याला काय कळतंय?" आणि शाल तिच्या खांद्यावर घातली.

मग त्या पायरीवर बसल्या आणि बोलल्या. एवढं बोलणं त्यांनी बऱ्याच दिवसांत केलं नसावं.

त्यांना एक मुलगा होता. आठ-दहा वर्षांचा. जन्मापासून दम्याचा. दौरा कधी येईल सांगता यायचं नाही, आला की दवाखाना गाठायलाच लागायचा. त्यासाठीच गाडी घेतली. एकदा थंडीत, मध्यरात्री दौरा आला आणि गाडी चालूच होईना. शेवटी शेजाऱ्यांनी ढकलली. त्या वेळी पोरगा वाचला. दुसऱ्या दिवशी मिस्टर गाडी घेऊन गॅरेजात गेले. तिथं चावी लावली, एका झटक्यात चालू. गॅरेजवाला म्हणाला, काही नाही, गाडी टकाटक आहे. दुसऱ्याकडे गेले. तो पण म्हणाला, टकाटक आहे. तिसऱ्याकडे गेले.

मी कपाळाला हात लावला.

कारण त्यांना काय चुकलं ते कळतच नव्हतं हो. घरून गॅरेजापर्यंत गाडी चालवत न्यायची म्हणजे ती गरम होऊनच पोचायची. एकाही गॅरेजवाल्यानं ती थंड बघितली नाही. एकानंही सांगितलं नाही, की रात्रभर इथं ठेवून जा. आणि ठेवा म्हटलं असतं तरी त्यांनी ठेवली नसती. रात्रीच तर ती घरी पाहिजे होती.

मग मिस्टरांनी स्वतःच उपाय काढला. गाडी थंड होऊच द्यायची नाही. दर चार तासांनी उठायचं. नऊ, एक, पाच. दिवसाही तसंच, कामावरून मधे घरी येऊन. औषधाच्या डोससारखं. दहा मिनिटं चालू ठेवायची, बंद करायची. दोन वर्षं. नोकरी सांभाळून हे सगळं.

"आणि एकदा त्यांना झोप लागली," बाई म्हणाल्या.

एवढंच. पुढचं आम्ही विचारलं नाही.

मग म्हणाल्या, "तो गेल्यावरही उठायचे ते. एक वाजता, पाच वाजता. मी म्हणायची, आता कोणासाठी? उत्तर द्यायचे नाहीत. गजरसुद्धा लावायचे नाहीत, आपोआप जाग यायची. पाच वर्षं गेली तशी. मग गेल्या वर्षी ते... मला वाटलं, आता तरी थांबेल. विकायला काढली ती त्यासाठीच. जे बघायला येतात ते बॉनेटला हात लावतात आणि मला खोटारडी म्हणून जातात."

भाचीनं डोळे पुसले. वायर अजून तिच्या हातात होती. ती हळूच म्हणाली, "काकू, मला उद्या जायचंय. मला फक्त ती एकदा थंड बघायचीय."

बाई उठल्या. गाडीच्या ड्रायव्हरच्या बाजूला गेल्या. काच बंद होती. आत अंधार. त्यांनी काचेवर बोटानं हलकंच वाजवलं, दाराबाहेर उभं राहून आपल्या माणसाला उठवतात तसं.

"अहो... ऐकलंत का?"

टिक... टिक...

"आज राहू द्या. पोरीला गाडी थंड बघायचीय. तिचे मामा ती नीट करणार आहेत."

शेडमध्ये काही हललं नाही.

"तुम्ही झोपलात तरी चालेल हो," बाई म्हणाल्या. "आता झोपा."

टिक.

मग नाही.

आम्ही थांबलो. भाचीनं माझा दंड पकडला होता.

गाडी वर आली. ड्रायव्हरच्या बाजूनं. सावकाश... दोन बोटं.

दार उघडलं नाही. काही गेलं, असं दिसलं नाही.

मी हात ठेवला. भीती वाटत होती, पण ठेवला. बॉनेट दगडासारखं गार होतं. तळहाताला दव लागलं.

•

मामा थांबले. चष्म्यानं हळूच विचारलं, "मग?"

"मग काय? मग मी गॅरेजवाला," मामा म्हणाले. "काम केलं."

•

वायर जोडली. चावी लावली. पाऊण मिनिट फिरवलं. नुसता पांढरा धूर, उठायचं नाव नाही. कितीतरी वर्षांनी ती गाडी खरं बोलत होती. मग चारही प्लग काढले. बोटं गारठलेली, टॉर्च भाचीच्या हातात. बॅटरीवर लावून बघितले. चारातले तीन मेलेले. नवे चार बसवले. साडेतीन झाले. गाडी तशीच गार होती. भाचीला म्हटलं, "बस तू. तूच लाव."

तिनं चावी फिरवली, प्लग तापत असल्याचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबली आणि पुढं फिरवली.

उठली. पहिल्या झटक्यात. धूर नाही, खोकला नाही. इंजिनात चांगला दम होता. आणखी दहा वर्षं चालेल असा.

मला खरं तर आनंद व्हायला पाहिजे होता.

बाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. मी काढलेले जुने प्लग कापडावर ठेवले होते. त्यातला एक त्यांनी उचलला. पेन्सिलीच्या तुकड्याएवढा असतो. दिव्याजवळ नेऊन बघितला.

"हे?" त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"एवढंसं?"

त्यांनी तो मुठीत धरला आणि आत गेल्या. थोड्या वेळानं मशीनचा आवाज यायला लागला. पहाटेचे चार वाजले होते. त्या गणवेश शिवत होत्या.

तुम्हाला एक गोष्ट सांगतो, जी मी भाचीलाही सांगितलेली नाही. ज्या वर्षी तो माणूस गॅरेजं फिरत होता, त्या वर्षी माझंही गॅरेज चालू होतं. त्यांच्या घरापासून फार लांब नाही. मला तो आठवत नाही. पण गरम गाडी घेऊन कितीतरी माणसं यायची, आणि घाईत असलो की मीही चावी फिरवून म्हणायचो, टकाटक आहे. पांढऱ्याशुभ्र कपड्यातल्यालाही म्हणायचो, झोपेनं डोळे तांबारलेल्यालाही म्हणायचो...

असो.

पाच वाजता मी मुद्दाम शेडमध्ये उभा राहिलो. पाच वाजले. सव्वापाच. बॉनेटवर हात ठेवला. मगाशी चालवली होती त्याची उरलीसुरली ऊब, ती पण उतरत चाललेली. दुसरं काही नाही. काही आलं नाही.

कागदांवर सह्या झाल्या. सहाला उजाडता उजाडता भाची निघाली. बाई फाटकापर्यंत आल्या. "हळू जा गं," एवढंच म्हणाल्या.

आठला पंधरा मिनिटं कमी असताना तिचा फोन आला.

"मामा, पोचले. सगळ्यांच्या आधी."

"गाडी?"

"गाडी मस्त आहे. कुठं कुरकुर नाही." मग ती थांबली. "मामा... मागच्या दाराच्या काचेला आतून वाफ येतेय."

"थंडी आहे ना. हीटर लावलास का?"

"बाकी काचा स्वच्छ आहेत. एकाच जागी येतेय. मागं, डावीकडे. वाटीएवढी. मी आत बसून पुसली दोनदा."

मी म्हटलं, रबर गेलं असेल, ओल येत असेल, बघू. माणूस काहीतरी म्हणतो.

सहा महिने झाले तिचे, पास झाली, नोकरी लागली. गाडी अजून तीच आहे. एकदाही रस्त्यात थांबली नाही, एकदाही दवाखान्यात पोचायला उशीर झाला नाही. रबर मी तीनदा बदललं. काचही बदलून बघितली.

गेल्या जानेवारीत ती इथं राहायला आली होती. गाडी खाली अंगणात उभी, दोन दिवस हलवलेली नाही. रात्री सव्वादोनला मी पाणी प्यायला उठलो आणि टॉर्च घेऊन खाली गेलो. का गेलो, माहीत नाही. बॉनेट गार. पुढचं सीट रिकामं. मी मागं गेलो आणि डाव्या काचेवर उजेड टाकला.

आठ-दहा वर्षांचं मूल बसलं तर त्याचं तोंड जिथं येईल, त्या उंचीवर होती. वाफ. आतून.

मी बघत राहिलो.

ती पसरत होती... आणि आटत होती. परत पसरत होती... आणि आटत होती. सावकाश. एकदाही न अडखळता.